चंद्राचा बटाटा

"उतरव तो हंडा! लगदा करायचाय का?" सबीना म्हातारी सुनेवर ओरडली.

"आई, अजून आत गोटा आहे."

"मग? तोच तर हवाय!"

बटाट्याच्या पोटात राहणाऱ्या त्या कच्च्या गोट्याला मेयो परगण्यात सगळे चंद्र म्हणत. चंद्राचा बटाटा पोटात असा ठाण मांडून बसतो, की माणूस तिन्हीसांजेपर्यंत फावडं मारतो. सबीना म्हातारीच्या घरात दुसरा बटाटा शिजतच नसे. तिचा मुलगा बार्टली म्हणायचा, "आईचा बटाटा डोक्यात बसून माणूस मरेल, पण उपाशी नाही मरायचा!"

आज मात्र सून हॅना हटून बसली. तान्ह्या पेगला पहिला घास द्यायचा होता.

"दोनच दात आलेत तिला. चंद्र चावेल का ती?" हॅना म्हणाली.

"कुस्करून दे."

"धोंडा कुस्करू?"

सबीना उत्तर द्यायला गेली आणि मध्येच थबकली. वर माळ्याकडे बघत म्हणाली, "ऐकलंस? रडतेय."

"पेग? ती तर कडेवर खिदळतेय माझ्या."

"पेग नाही गं. माझी ऊना."

हे नाव त्या घरात कुणी काढत नसे.

"शेतातले बटाटे काळे पडून सडले ना, त्या सालची गोष्ट. चार वर्षांची होती. घरात शेवटचे तीन बटाटे. मऊ दे म्हणाली, मऊ दिले. दुपार होते न होते तोच पुन्हा भूक, भूक... चंद्र ठेवला असता तर तगली असती."

"आई, तीनच होते हो."

हॅनाने हंडा चुलीवर तसाच राहू दिला. सालं तडकली, बटाटा लोण्यासारखा झाला. दुधात कालवून ती पेगला भरवू लागली. दर घासाला सबीनाचे कान माळ्याकडे.

अचानक पेगने ओठ घट्ट मिटले, मान वळवली.

"काय झालं गं हिला?" म्हातारीची घाबरगुंडी उडाली.

"काही नाही. पोट भरलं."

"अगं, पण वाडग्यात उरलंय!"

"उरलंय."

सबीनाने चमचा हिसकावूनच घेतला. पेगपुढे धरला. मान वळली. पुन्हा धरला. पुन्हा वळली.

"नको म्हणते गं ही! खायला नको म्हणते!"

मग तिने तोच भरला चमचा हळूच बाजूला नेला, रिकाम्या जागेत. चार वर्षांच्या पोरीचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर धरला आणि वाट बघत राहिली.