पेट्रोलच्या टाकीचं झाकण

पार्सलवाल्याने कॅमेरा घेतला होता डोंगरासाठी. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढायची, घाटातली वळणं टिपायची आणि जगाला दाखवायची. सुट्टी मिळते तर ना! मग तो स्वस्तातला, काड्यापेटीएवढा कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीला चिकटला तो चिकटलाच, आणि डोंगराऐवजी परक्यांची दारं, जिने आणि बंद पडलेल्या लिफ्ट टिपत बसला.

त्या दुपारी मात्र कॅमेऱ्याने पांग फेडले असं त्याला वाटलं. पुढची पांढरी गाडी वळली आणि हा जाऊन तिच्या दारावर आदळला. गुडघा सोलून निघाला, पार्सलं रस्ताभर. गाडीवाला तोंड वर करून म्हणाला, "मी इंडिकेटर दिला होता." हा छातीठोकपणे म्हणाला, "दिलाच नाही!"

गोदामाच्या साहेबाने निकाल दिला, "रेकॉर्डिंग दाखव. चूक त्याची असेल तर कामावर राहा. नाहीतर जॅकेट आणि पिशवी जमा कर."

संध्याकाळी मोबाइल दुरुस्त करणारा मेहुणा लॅपटॉप घेऊन आला.

"बघच आता त्याची कशी जिरवतो," पार्सलवाला पाय उशीवर टाकत म्हणाला.

पडद्यावर सरळ रस्ता, पुढे पांढरी गाडी. मग रस्ता हळूहळू वर सरकत नाहीसा झाला आणि खालून पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण आलं. हिसका बसला, रस्ता परत जागेवर. थोड्या वेळाने पुन्हा झाकण.

मेहुणा हसला. "भाऊजी, क्लिप सैल झालीय तुमची. चांगले कॅमेरे हे डोलणं आपोआप सपाट करून दाखवतात. घ्या अजून स्वस्तातलं!"

बायको ओला फडका घेऊन मागे उभी होती. "क्लिप नाही रे," ती म्हणाली. "मान आहे ती. रोज जेवताना ताटावर जाते, तशीच."

पुढे कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा झाकण आलं आणि तिथेच राहिलं. इंजिनाची घरघर चालू, झाकणावरचा ओरखडासुद्धा दिसत होता. रस्ता परत आला तेव्हा पडदाभर पांढरं दार. मग आभाळ.

मेहुण्याने मागे नेलं, पुढे नेलं. गाडीने इंडिकेटर दिला असेल, नसेलही. तेव्हा दिसत होतं ते झाकण. दुपारपासून ज्याच्याबद्दल शपथा घेतल्या ते याने पाहिलंच नव्हतं, आणि आपण पाहिलं नाही हेही याला ठाऊक नव्हतं.

"दार दिसतं तिथून देऊ," मेहुणा म्हणाला. "आधीचं कापतो. कोण बघतंय?"

"काप," बायको म्हणाली. "नोकरी वाचेल. पण उद्या हे कुठल्या रस्त्यावर मान टाकतील, ते मला कोण कळवणार?"

"अगं, काहीतरी अभद्र बोलू नकोस," तो म्हणाला. रागवायचं होतं, पण तेवढंही अंगात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रेकॉर्डिंग न कापताच दिलं. कुणी त्याला साधुसंत समजू नये. खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं, आणि तेवढं डोकं शिल्लक नव्हतं.

"गाडी चालवताना झोपतोस?" साहेब ओरडला.

"झोपतो, साहेब. सकाळचं वाटप संपत नाही तोवर तुम्ही संध्याकाळचं गळ्यात मारता. घरी झोपायला सवड कुठाय? मग झोपतो तुमच्याच वेळेत."

पार्सलं लावणारे बाकीचे खो-खो हसले. एक जण म्हणाला, "माझ्या हेल्मेटला लावा, साहेब. टाकीशिवाय काही दिसायचंच नाही!"

साहेब हसला नाही. हे बाहेर गेलं तर कुणाची कातडी सोलली जाईल, ते त्याला बरोबर कळलं. त्याने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं.

"चूक गाडीवाल्याची. मिटलं. उद्यापासून एकाच्याही हेल्मेटवर कॅमेरा दिसला तर याद राखा."

संध्याकाळच्या वाटपाआधी पार्सलवाला घटकाभर घरी आला.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"कॅमेरा काढ म्हणाले."

"आणि झोपेचं?"

"त्याचं काही बोलले नाहीत."

कॅमेरा निघाला, पण हेल्मेटवर गोंदाचा डाग राहिला होता. तो नखाने खरवडत बसला. खरवडता खरवडता बोट थांबलं, मान खाली गेली. बायकोने मांडीवरचं हेल्मेट अलगद काढून घेतलं आणि दाराला आतून कडी घातली. वाटपाची वेळ झाली तरी तिने त्याला हाक मारली नाही.

गोदामातून फोन आला. तिने वाजता मोबाइल तसाच उशीखाली सारला, आणि उशीवर बसून राहिली.