वरचं अंग

नामासिकूचं पत्र येऊन तीन महिने झाले, तरी मातेंगू मास्तरांनी उत्तर धाडलं नव्हतं. थोरल्या भावाची ही मुलगी दूर शहरात नर्स होती. 'काका, गावात नदीकाठी दोन जागा मिळतायत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. बाबा शेवटच्या घटकेला म्हणाले होते, घर वरच्या अंगाला बांध, तिथं पाणी चढत नाही. वरचं अंग कुठलं? जूनपर्यंत सांगायचंय. तुम्ही भूगोल शिकवलाय.'

तिथंच घोडं अडलं होतं. नदीचं वरचं अंग म्हणजे पाणी येतं ती बाजू. गावची चोबे नदी पूर्वेला वाहते, असा बाण मास्तरांनी तीस वर्षं फळ्यावर काढला. पण ती जिला मिळते त्या मोठ्या झांबेझी नदीला पूर आला की तिचं पाणी चोबेत उलटं शिरतं आणि कित्येक आठवडे नदी पश्चिमेला चालते. मुलं गोंधळतील म्हणून वर्गात त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

आज सकाळी त्यांनी पाण्यात एक पान सोडलं. ते जागचं हललंच नाही.

"मास्तर, पान भिजवताय की राखण करताय?" जाळं घेऊन लिसेली कोळीण आली.

"नदी कुठं चाललीय गं?"

"आज बसलीय. कालपर्यंत तिकडं जात होती, उद्या इकडं येईल. सोबत जायचंय का?"

मास्तरांनी चाचरत पत्राचं सांगितलं. "भाऊ तुझ्या होडीवर असायचा. वरचं अंग कशाला म्हणायचा?"

"होडीत असला की जिकडून पाणी येईल ते. आणि चिडला की तुमच्या घराला! 'वरच्या अंगाची मोठी माणसं' म्हणायचा."

मास्तरांचं घर जुन्या, टेकाडाएवढ्या वारुळाच्या उंचवट्यावर होतं. एका पुरात भाऊ, भावजय आणि लहानगी नामासिकू आठ दिवस त्यांच्याच ओट्यावर राहिले होते. भाऊ गेल्या वर्षी मे महिन्यात वारला, तेव्हा नदी उलटी होती, पाणी पूर्वेकडून येत होतं. मग पूर्व? की हा ओटा? की नुसतंच बरळला?

"विचारायचं तरी कुणाला आता," मास्तर पुटपुटले.

"मग तसंच लिहा की!"

त्यांनी लिहिलं: 'बाळ, मला ठाऊक नाही. हे लिहायला लाज वाटली, म्हणून उशीर झाला. त्या दोन्ही जागा घेऊ नकोस. माझ्या घरामागं एका घरापुरता उंचवटा आहे. तिथं पाणी आलेलं मी पाहिलं नाही. बाबांना हेच म्हणायचं होतं का, ते सांगता येत नाही.'

पोस्टाच्या पेटीपाशी त्यांनी पत्र पुन्हा खिशातून बाहेर काढलं, पत्ता वाचला आणि आत सोडलं.