दाराआड तयार झालेलं वाक्य

आधी एक खुलासा. ज्या मजकुराच्या वर 'सराव' असं लिहिलं आहे, त्यातलं काहीही घडलेलं नाही. ते मी दाराआड उभा राहून मनात बोललो. बाकीचं सगळं घडलं आहे, दुर्दैवानं.

सराव

"नमस्कार, घरमालकीणबाई. आज हवा छान आहे. जिन्यातला दिवा मात्र फार लवकर विझतो, नाही का?"
(ती हसते. मी हसतो. दोघं आपापल्या वाटेनं जातो.)

झालं ते

खालच्या मजल्यावर घरमालकिणीची कडी वाजली, म्हणून मी आमच्या दाराआड थांबलो. माझी कडी वाजली, म्हणून ती तिच्या दाराआड थांबली. ती जाण्याची मी वाट पाहिली, मी जाण्याची तिनं. कुणीच गेलं नाही. मला कामावर उशीर झाला.

हे रोजचंच होतं. ह्या परक्या गावात मला मनापासून समजून घेणारी ती एकटी बाई आहे, असं मला वाटायचं. आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललेलो नव्हतो.

मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचे साचे येतात, मी त्यावर मेण चढवतो, दात बसवतो, घासतो, चमकवतो. टेबलावर ओळीनं जबडे मांडलेले असतात आणि त्यातला एकही माझ्याशी गप्पा मारायला येत नाही, म्हणून मला ते काम आवडतं. बायको म्हणते, "अख्ख्या गावाला दात देता, आणि स्वतःचे कुणाला दाखवतसुद्धा नाही."

बायको केस कापते. आमच्याच बाहेरच्या खोलीत आरसा टांगलाय, एक फिरती खुर्ची ठेवलीय, आणि गल्लीतल्या बायका तिथे डोकी आणि सुखदुःखं घेऊन येतात. ह्या खोल्या मिळायच्या आधी आम्ही किती घरं पाहिली, विचारू नका. केस कापणार म्हटलं की मालक लोक मोरीत केस अडकतील म्हणून दार लावून घ्यायचे. फक्त ह्या घरमालकिणीनं मान डोलावली होती. म्हणजे ह्या खोल्या गेल्या, तर खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली तर बायकोचं गाव गेलं.

आता भाषेचं. इथली भाषा आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच वर्गात शिकायला सुरुवात केली. बायको पहिल्याच आठवड्यात बोलायला लागली. तिच्याकडे मूठभर शब्द होते आणि दोन हात. "मी आनंद. तू आनंद. केस छोटा, आनंद मोठा!" लोक खूश. समोरचा काय बोलला हे तिला कळायचं नाही, पण म्हणून संभाषण थांबवण्यात तिला काही अर्थ वाटायचा नाही. ती "हो, हो! फार सुंदर!" म्हणायची आणि पुढे जायची.

मला समोरच्याचं सगळं कळायचं. बातम्या कळायच्या, भांडणं कळायची, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांतला कागद कळायचा. फक्त बोलायची वेळ आली की वाक्य तपासायला थोडा वेळ लागायचा. वर्गात हजेरी घेताना 'उपस्थित' म्हणावं की 'आलोय', ह्यातलं कुठलं जास्त नम्र, हे मी ठरवेपर्यंत बाई पुढच्या नावावर जायच्या. सत्राच्या शेवटी बायकोला 'उत्साही सहभागा'बद्दल शाबासकी मिळाली. मला सततच्या गैरहजेरीबद्दल समज मिळाली. ती घ्यायला मी स्वतः हजर होतो.

झालं ते, पुढे

एका सकाळी मी नेहमीप्रमाणे दाराआड उभा होतो. बायको जिन्यात होती आणि घरमालकीण तिच्याशी बोलत होती. हे नवीन होतं. घरमालकीण कुणाशी बोलते हेच मला माहीत नव्हतं. आवाज दबका, शब्द चावल्यासारखे, मधूनमधून 'टक्' असा बारीक आवाज.

"माझा भाचा इथे राहायला यायचं म्हणतोय," घरमालकीण म्हणाली. "महिनाअखेर तुम्हाला खोल्या सोडाव्या लागतील." टक्.

"हो, हो!" बायको म्हणाली. "फार सुंदर!"

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"मी आनंद!"

"दुसरी जागा मिळेल ना?"

"मोठी! फार मोठी!"

घरमालकीण गहिवरली. तिनं बायकोला मिठी मारली असावी, कारण बायकोच्या बांगड्या वाजल्या. मग बायको आत आली, चेहरा फुललेला.

"अहो, किती गोड बाई आहे! बहुतेक त्यांच्या घरात कुणाचं तरी लग्न ठरलंय."

"आपल्याला महिनाअखेर बाहेर काढलंय," मी म्हणालो. "आणि तू हो म्हणालीस. तीनदा."

बायको खुर्चीवर बसली. खुर्ची तिच्यासकट हळूच अर्धी फिरली.

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

"सगळं."

"कळत होतं?"

"शब्दन् शब्द."

"मग बाहेर का नाही आलात, देवा?"

"वाक्य जुळवत होतो."

"तुमचं वाक्य जुळेस्तोवर आपलं बिऱ्हाड रस्त्यावर! थांबा, मीच जाते आणि नाही म्हणून येते. 'नाही' येतं मला."

ती गेली. बऱ्याच वेळानं आली ती रिकामी खोकी घेऊन. एकात एक घातलेली, चांगली मजबूत.

"ह्या काय म्हणाल्या कोण जाणे, पण खोकी दिली बघा. मायाच आहे हो त्यांना."

"ती सामान बांधायला आहेत."

बायकोनं खोकी खाली ठेवली. तिनं आरशाखालची कात्री उचलली, पुसली, परत तिथेच ठेवली. मग म्हणाली, "आता तुम्ही जा."

सराव

"आदरणीय घरमालकीणबाई. आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. तथापि, काही गैरसमज झाल्याचं आमच्या निदर्शनास आलं आहे. माझी पत्नी स्वभावतः मोकळी असल्यामुळे—"
(इथे ती बसायला सांगते. मी बसतो. 'तथापि' तिला फार आवडलेलं आहे.)

सराव, सुधारलेला

वरीलप्रमाणे, पण 'तथापि'च्या जागी 'परंतु'.

झालं ते

मी तिच्या दारासमोर उभा राहिलो. दाराच्या भिंगात अंधार झाला, म्हणजे पलीकडे डोळा आला. मी भिंगाकडे पाहिलं. भिंगानं माझ्याकडे पाहिलं. जिन्यातला दिवा विझला. मी बटण दाबलं. पुन्हा विझला. पुन्हा दाबलं. वर आमच्या दारातून बायको कुजबुजली, गल्लीभर ऐकू जाईल अशी: "बेल वाजवा, मौनीबाबा!"

वाजवली. साखळीएवढं दार उघडलं.

"आदरणीय," मी म्हणालो.

"काय?" ती म्हणाली. टक्.

आणि माझं वाक्य गेलं. 'परंतु'सकट गेलं. कारण इतक्या जवळून तो आवाज ऐकल्यावर मला दुसरं काही सुचेना. वर्षानुवर्षं हेच करतो मी. तोंडातून जे निघालं, ते तपासायला वेळच मिळाला नाही.

"तुमची खालची सैल आहे."

"काय?"

"कवळी. खालची. बोलताना ती उठते, म्हणून तुम्ही जिभेनं दाबून धरता, म्हणून शब्द दबतात. हिरडी झिजून खाली बसलीय. नवीन करायची गरज नाही. आतून अस्तर भरायचं. जुन्या कपड्याला लावतात तसं."

एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच दारात मी हे ऐकवलं होतं, आणि तिच्याच खोल्या मागायच्या होत्या.

साखळी निघाली. घरमालकिणीनं तोंडावर हात धरला होता.

"सगळ्यांना कळतं?"

"फक्त मला. माझं कामच ते."

"म्हणून तर मी कुणाशी बोलत नाही," ती हाताआडून म्हणाली. "दुकानात 'काय?', बँकेत 'काय?'. भाचा तर दोन वाक्यांत फोन ठेवतो. तुमची बायको एकदाही 'काय?' म्हणत नाही. माझं सगळं ऐकते आणि हो म्हणते."

आता खरं सांगायची वेळ होती. खरं असं होतं, की बायकोला तिचं अक्षरही कळत नव्हतं, म्हणून 'काय?' विचारायचा प्रश्नच नव्हता. हे सांगितलं असतं तर खोल्या कदाचित वाचल्या असत्या, पण त्या हाताआडच्या तोंडाला सांगवेना. दाराआड जायला वेळ नव्हता. उभ्या उभ्या बोललो.

"ती तुम्हाला हो म्हणाली. जायला हो नाही म्हणाली. तिला हे घर सोडायचं नाही."

वरून बायको ओरडली, "नाही! नाही! मी आनंद नाही!"

घरमालकिणीनं वर पाहिलं. "पण मी भाच्याला शब्द दिलाय," ती म्हणाली. मग जराशी वळली, आणि रुमालात गुंडाळून कवळी माझ्या हातात दिली.

कवळी माझ्याकडे होती तोवर ती दाराबाहेर आली नाही. मी अस्तर भरलं, कडा उतरवल्या, पुन्हा पुन्हा घासली. चांगली झाली असावी, कारण ती बसवल्यावर घरमालकिणीनं पहिलं काम काय केलं, तर भाच्याला फोन लावला. जिन्यात उभं राहून, खड्या आवाजात. मी अर्थातच दाराआड होतो.

"कधी येतोस राहायला? पडदे कुठल्या रंगाचे लावू?"

पलीकडून भाचा इतका दचकला की त्याचंही मला ऐकू आलं.

"राहायला? मी? मावशी, मी कधी म्हणालो?"

"दर फोनला हो म्हणतोस!"

"मला वाटलं तू मांजराबद्दल बोलतेयस!"

त्यानंतर ती जे बोलली ते मला कळलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

खोल्या राहिल्या. खोक्यांत आता बायकोचे टॉवेल असतात. पण माझं नुकसान झालं, ते कुणी मोजत नाही. माझी एकुलती एक मूक मैत्रीण मुळात मूक नव्हतीच, तिची फक्त खालची सैल होती. आता रोज सकाळी ती जिन्यात बायकोला गाठते. तिचे शब्द आता इतके लख्ख पडतात की बायकोलाही कळायला लागलेत, आणि कळायला लागल्यापासून बायको भांडायलाही शिकलीय. दोघी पायऱ्या अडवून बसतात. मी दाराआड उभा.

सराव

"क्षमस्व. आपल्या संभाषणात व्यत्यय आणतोय, परंतु मला कामावर—"

झालं ते

दार बाहेरून कुणीतरी ढकललं. दोघी माझ्याकडे पाहत होत्या.

"दाराआड उभे होतात?" बायकोनं विचारलं, इथल्या भाषेत, अगदी बिनचूक.

"हो," मी म्हणालो.