सही आधी, ठराव मागून

आमच्या सोसायटीत सभा अशी होते: आधी रजिस्टर फिरतं, सगळे सह्या करतात, पोहे-चहा होतो आणि लोक घरी जातात. ठराव सेक्रेटरी मागाहून लिहितो, हिंदीत, कारण इकडचं सगळं कामकाज हिंदीतच. त्यासाठी सह्यांच्या वर जागा कोरी सोडलेली असते. इतकी वर्षं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मी पासष्टाव्या वर्षी नातीकडून अक्षरं शिकले. तेव्हापासून सभेत पहिली सही माझी. बाकीचे रेघोट्या ओढतात, मी पूर्ण नाव लिहिते, काना-मात्रेसकट.

आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला, त्याला दोन वर्षं झाली. घर चौथ्या मजल्यावर. रोज संध्याकाळी चाकाच्या खुर्चीतून लिफ्टने खाली नेलं की तासभर मित्रांत बसायचे, दाढीही फाटकाजवळच्या न्हाव्याकडे करून घ्यायचे. तेवढाच त्यांचा दिवस. चैत्रात लिफ्ट बंद पडली. नव्या मोटरीसाठी सगळ्यांनी पैसे भरले, सभा झाली, मी सही केली.

पुढच्याच आठवड्यात चौकात एका पक्षाच्या यात्रेसाठी मंच उभा राहिला. कमान, ढोल, फुलं. आणि फलकावर आमच्या सोसायटीचं नाव. मी अध्यक्षाला गाठलं.

"मनीषभिया, लिफ्टचं काय झालं?"

"अरे काकीजी, टेन्शन कायको घेता? वरचे लोक खूश झाले तर लिफ्ट काय, पूरी रोड नवी होईल."

"पैसे लिफ्टचे होते."

"ठराव झाला ना! आणि पहिली सही कोणाची?" त्यानं रजिस्टर उघडलं. "देखो, काय अक्षर आहे! आपल्या सेक्रेटरीला पण येत नाही असं."

मी बोट ठेवून वाचलं. लिफ्ट की राशि यात्रा के स्वागत में लगाई जाए, सब सहमत. खाली माझं नाव.

दुसऱ्या मजल्यावरच्या रुचीकडे गेले. ती म्हणाली, "चुकीचंच झालं हो काकी. पण लिहून कोण देणार? ह्यांची बदली मनीषभियांनीच रुकवली." तिसऱ्या मजल्यावरच्या शंतनूनं दारातूनच सांगितलं की त्याला मीटिंग आहे. मग मी एकटी रिक्षा करून सहकार कचेरीत गेले. बाबूनं ठरावाची नक्कल पाहिली.

"ये साइन आपकी है?"

"माझीच."

"फिर शिकायत किसकी, माताजी?"

चार जिने चढून घरी आले. हे खाटेवर उशीला टेकून बसले होते. काही लपवलं नाही, सहीचंही सांगितलं.

"पोरीनं छान शिकवलं तुला," म्हणाले.

मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही. मग डाव्या हातानं गालावरची खुंटं चाचपत म्हणाले, "न्हाव्याला इथंच बोलाव यापुढे. दर महिन्याला ये म्हणावं."