एका पोटच्या दोघी

“नलूले कोठ्यात बसव अन् बाहेरून कडी लाव,” कौशल्याबाईनं सुनेला फर्मावलं. “पावने गेले का काढजो.”

पोहे भिजवता भिजवता धुरपताचा हात थांबला. देवळीचे लक्ष्मणराव आणि विमलाबाई आपल्या मुलासाठी, भूपेंद्रसाठी, मयुरीला पाहायला येत होते. स्थळ चांगलं, दुकान होतं, शेत होतं. मध्यस्थाला सांगून ठेवलं होतं, पोरगी एकच. आणि नलू? ती तर मयुरीच्या पाठोपाठ, त्याच दिवशी, त्याच पोटातून आलेली! एकोणीस वर्षांची झाली, पण दिसायची बारा-तेराची. बारीक डोळे, वरचा ओठ पातळ. पाणी आणायला पाठवावं तर विहिरीवर पोचून विसरायची. तिसरीत तीनदा नापास झाली तेव्हा शाळेनं हात टेकले.

“काऊन लपवायची? चोरी केली का तिनं?”

“तुह्या मायेरचं रक्त लपवून राह्यलो बापा,” सासू म्हणाली. धुरपताचा नवरा नानाजी नेहमीसारखा मूग गिळून बसला.

मायेरचं रक्त! हे ऐकून ऐकून धुरपताचे कान किटले होते. खरं काय ते तिला ठाऊक होतं. ती पोटुशी होती तेव्हा सासूनं तिला अर्ध्या भाकरीवर ठेवलं. लेकरू मोठं झालं तर बाळंतपण अडतं म्हणे. गावची रीतच तशी. वर कंबरदुखीसाठी रोज वाटीभर मोहाची. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून ती औषधाच्या बाटलीतून यायची आणि औषधच म्हणवायची. पहिल्या दिवशी धुरपताला ठसका लागला. पुढं भूक मरते म्हणून तीच मागून घेऊ लागली.

चार वर्षांपूर्वी ती एकटीच नलूला घेऊन वर्धेच्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीणबाईनं सगळं विचारलं, पण रागावली नाही. म्हणाली, “पोटातल्या बाळाला दारूनं इजा झाली. दोघी जुळ्या असल्या तरी घडण निराळी असते. एकीला सोसलं, एकीला नाही. त्यात तुमच्या पोटात धड अन्न नाही, मग इजा वाढते.” त्या दिवशी धुरपता दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली. त्यानंतर नलूपायी तिनं डोळ्यांत पाणी आणलं नाही.

पाहुणे आले. सतरंजीवर टेकले. मयुरी पोह्यांच्या बश्या घेऊन आली, आणि तिच्या मागून पाण्याचे गिलास सांभाळत नलू. कोठ्याची कडी धुरपतानं लावलीच नव्हती.

“ही मयुरी,” धुरपता म्हणाली, “अन् ही नलू. जुळ्या हायेत.”

लक्ष्मणरावांनी हातातली बशी खाली ठेवली. “आमाले तर कोनी सांगतलं नाई. रक्तात असन तं उद्या आमच्या नातवाईले...”

“रक्तात नाई जी. मी दारू प्याली.”

नानाजीनं मान खाली घातली.

“पोटुशी असताना. ह्या माह्या सासूनं पाजली, मंग मीच मागून प्याली. अन् अर्ध्या भाकरीवर राह्यली. मयुरीनं पोटभर खाल्लं, दारूले हात नाई लावला, तं तिच्या लेकराले हे होत नाई.”

“तोंड काळं केलं माह्यं!” कौशल्याबाई कडाडली. “माह्या सासूनं मलेबी वाटी देल्ली होती. माह्ये सारे धड निंगाले का नाई?”

“निंगाले. माही नलू नाई निंगाली. सारे एकासारखे घडत नाई, आत्याबाई.” धुरपता पाहुण्यांकडे वळली. आता तिला कुणाची भीड नव्हती. “आता मी इचारतो. पोरगी माही हाये. तुमच्या घरी पोटुशी सून कवा जेवते? साऱ्यायच्या आंधी, का उरल्यावर?”

“हे का इचारनं झालं?” लक्ष्मणराव ताडकन उठले. “चाल वं!”

मयुरीचा चेहरा उतरला. धुरपतानं ते पाहिलं, पण शब्द मागं घेतला नाही.

विमलाबाई मात्र उठल्या नाहीत. त्या केव्हापासून नलूच्या तोंडाकडे पाहत होत्या.

“मी उरल्यावर जेवो,” त्या हळूच म्हणाल्या. “कंबरेची दवा मलेबी होती. भूपेंद्रच्या आंधी एक पोट्टी झाली. अशीच, बारीक डोळ्याची. चार वर्साची होऊन गेली. यायनं कोनाले सांगू नाई देल्लं.”

लक्ष्मणराव दारात उभे होते, ते तिथंच राहिले.

“तिचं नाव काय होतं?” नलूनं विचारलं.

विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला. “नाव नाई ठेवलं वं बाई. येडीच म्हनत होतो.”

मग विमलाबाई जराशा सरकल्या, शेजारची सतरंजी हातानं साफ केली, आणि नलू पोह्यांची एक बशी उचलून पाहुण्यांच्या पंक्तीत बसली.