न्हाव्याच्या अंगणातलं रान

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मानेवरची लव साफ केलेल्या माणसाच्या घरामागे गुडघाभर रान माजावं, म्हणजे गल्लीला आयतंच कोलीत मिळालं. "काय बुवा, कात्री बोथट झाली की हात?" अशी चौकशी कुंपणावरून रोज व्हायची. न्हावीबुवा दातओठ खाऊन गप्प बसायचे. करतात काय बिचारे! बायकोला शब्द दिला होता.

बायको जिन्यावरून पडली, त्याला चार महिने झाले. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले, चाला आता. पण हिने भीतीच घेतली. पलंगावरून खिडकीतल्या खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, तेही बुवांच्या खांद्याला लटकून. या धबडग्यात मागच्या अंगणाकडे बघायला कुणाला सवड? तणाचं फावलं. पिवळी, पांढरी, जांभळी, नाव ना गाव अशी फुलं आली. पार टोकाला, भिंतीशी, एक निळा झुपका कळ्यांवर आला.

"अहो, तो उमलला की मी माझ्या पायांनी तिथवर जाणार," बायको एका सकाळी म्हणाली. "तोवर अंगणाला कात्री लावलीत तर याद राखा!"

चार महिन्यांत तिने पहिल्यांदाच चालायचं नाव काढलं होतं. बुवांना एवढा आनंद झाला की त्यांनी शब्द तर दिलाच, वर ते तणाला पाणी घालू लागले. असला माणूस गल्लीने आजवर पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी शेजारचे मास्तर केस कापून घ्यायला आले. दुकान बंद केलं तरी मास्तरांचं डोकं बुवांनी सोडलं नव्हतं. त्यावर कापण्यासारखं उरलंय काय, हे बायको दर वेळी विचारायची. भिंतीशी छान ऊन होतं, खुर्ची तिथेच मांडली. मास्तरांनी तोंड सुरू केलं, बुवांनी कात्री. आता बुवांची एक जुनी खोड अशी की गप्पा रंगल्या की कात्री थांबत नसे. गिऱ्हाईक उठून गेलं तरी ती कचकचत राहायची. मास्तर उठले, मान झटकली आणि जावयाचं गाऱ्हाणं सांगत उभे राहिले. "हो ना, कमालच आहे," म्हणत बुवा भिंतीला टेकून बसले.

बोलता बोलता मास्तर एकदम थांबले. "बुवा, हे काय कापताय?"

खाली सांडलेल्या मास्तरांच्या पांढऱ्या केसांत निळ्या कळ्या पडल्या होत्या. मास्तरांनी काढता पाय घेतला.

बुवांनी एकेक काडी उचलली, केस फुंकून काढले आणि मातीत खोचून उभी केली. वरून पाणी घातलं, सवयीने भांगही सारखा केला. दुपारी सगळ्या काड्यांनी माना टाकल्या. तेव्हा खिडकीतून दिसू नये म्हणून बुवा स्वतःच आडवे उभे राहिले.

"व्हा बाजूला!"

आवाज खिडकीतून नव्हता, पाठीमागून होता. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सकाळपासून बघतेय मी! म्हटलं, आता सांगतील, मग सांगतील. पण नाही, तोंडाला कुलूप! शेवटी मलाच यावं लागलं."

"अगं, हात चालत राहिला गं," बुवा म्हणाले. "तू चालणार होतीस, आणि मी करंट्याने..."

तिने खुंटांकडे नीट पाहिलं. "लोकांची डोकी बिघडवून काय सांगायचात तुम्ही?"

"केसच आहेत, येतील परत," बुवा पुटपुटले.

"मग झालं तर. डावीकडून जरा जास्तच घेतलंत."

बुवांना हसू फुटलं, डोळेही पुसावे लागले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, पण तू इथवर आलीस कशी?"

बायकोने पायांकडे पाहिलं. मागे वळून लांबच्या दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला आणि तिने बुवांचं मनगट घट्ट पकडलं.

"रागाच्या भरात आले," ती म्हणाली. "आता परत कशी जाऊ?"

बुवांनी हळूच मनगट सोडवून घेतलं, खिशातली कात्री काढली आणि दाराच्या दिशेने चार पावलं पुढे गेले.

"दाराजवळची ती पिवळी वाढलीत गं फार. घेऊ का जरा बारीक?"

"हात तर लावून बघा!" असं म्हणत बायको त्यांच्यामागे निघाली.