युसुफची शिवण

दोष वेल्डचा आहे, हे तुम्ही बोट बघायच्या आधीच ठरवून मोकळे झालात. गळकी बोट अजून कतारमधल्या अल खोरच्या धक्क्यावरून ट्रेलरवर चढायची होती, तिच्या पोटातलं पाणी उपसायचं बाकी होतं, आणि तुमच्या गारेगार ऑफिसातून फोन आला: वेल्डर कोण होता, त्याला काढा. सगळं जग फुटबॉलच्या वर्ल्ड कपला येणार, अशा वेळी एक माणूस घालवला की काहीतरी केल्यासारखं दिसतं. कुठला माणूस, याच्याशी तुम्हाला कर्तव्य नव्हतं. तुम्ही त्याचं नावसुद्धा विचारलं नाहीत.

हे सगळं जहूर मनातल्या मनात कंपनीच्या मोठ्या साहेबांना ऐकवत होता. वर्कशॉपमध्ये दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या बोटीखाली तो उताणा पडला होता. बोटीत पाइपने पाणी सोडलं होतं आणि मागच्या बाजूला, तळाच्या पत्र्यातून एक एक थेंब त्याच्या छातीवर पडत होता. सप्टेंबरचा उकाडा असा, की तो थेंबसुद्धा गरम लागत होता.

शेजारी वेल्डर युसुफ उकिडवा बसला होता. वेल्डच्या रेषेला तो आणि जहूर शिवण म्हणत. त्याने त्या रेषेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि म्हणाला, “मामू, ही शिवण सुटलेली नाय. भोक शिवणीच्या बाजूला हाय. पत्र्यात हाय.”

मॅनेजर देवव्रत वाकून बघत होता. नाशिकचा माणूस, वाईट नव्हता; पण वरून फोन आला की त्याची मान आपोआप हलायची, फोनवर दिसत नसली तरी. तो म्हणाला, “बाजूला म्हणजे दोन बोटं बाजूला, युसुफ. वरच्यांना मी फूटपट्टी लावून दाखवू का? ते म्हणतायत, ही बोट रमजानमध्ये झाली. रोजा होता, हात थरथरला असेल.”

युसुफ उठला. हात पुसले. “रोजा हाताला नसतो, साहेब,” एवढंच बोलला आणि पाणी बंद करायला गेला.

युसुफला कतारला आणलं जहूरने. गोष्ट अशी, की जहूरचं सगळं आयुष्य फायबरच्या बोटींत गेलेलं. रत्नागिरीकडे जयगडच्या खाडीवर त्याच्या बापाची होडी होती. जहूर मोठा होईतो लाकूड गेलं आणि फायबर आलं. साचा, काचेच्या तंतूंची चटई, रेझिन, रोलर. हातांना काचेची खाज आणि कपड्यांना रेझिनचा वास, इतका मुरलेला की सुट्टीवर घरी गेला की बायको सुगरा त्याची बॅग अंगणातच उघडायला लावायची. मेसईदच्या रस्त्यावरच्या या वर्कशॉपात तो फायबर सेक्शनचा फोरमन झाला आणि वाटलं, आता इथूनच रिटायर.

मग वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी एका रिसॉर्टची ऑर्डर आली. त्यांना बास बोटी हव्या होत्या. बास हा अमेरिकेतल्या तळ्यांतला मासा. कतारच्या समुद्रात तो औषधालाही सापडायचा नाही, पण रिसॉर्टच्या मालकाने कुठल्याशा व्हिडिओत तसली बोट पाहिली होती: बुटकी, सपाट, पुढे उभं राहून गळ टाकायला मोठी फळी, पकडलेला मासा जिवंत ठेवायला पोटात टाकी. वर्कशॉपने पहिल्या बोटी फायबरच्याच दिल्या. पण त्या चालवायच्या होत्या अल थखिराच्या खाजणात, तिवरांमधून, जिथे ओहोटीला खडक वर येतात. घासून घासून फायबरचा तळ सोलून निघाला. रिसॉर्टने सांगितलं, पुढच्या सगळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या.

फायबर सेक्शन बंद झाला. साचे मागच्या आवारात उन्हात नेऊन टाकले. माणसं एकेक करून घरी गेली. जहूर राहिला, कारण त्याने देवव्रतला सांगितलं की अ‍ॅल्युमिनियमचा एक नंबरी वेल्डर मी आणून देतो. गावच्या हजराचा नवरा युसुफ, मूळचा श्रीवर्धनचा, मुंबईत जहाजांच्या यार्डात होता. चांगलं चाललं होतं त्याचं. हजराच्या मनात नव्हतं. जहूरने तिला स्वतः फोन करून पटवलं: मी हाय ना तिथे, पोरी, तू कशाला घाबरतेस?

युसुफ आला आणि त्याने आधी काय केलं, तर स्टोअरमधले सगळे पितळी स्क्रू, नळाच्या तोट्या, तळाला लावायचा तांब्याचा लाल रंग, सगळं गोळा करून बाहेर काढलं. फायबरला हे चालतं, अ‍ॅल्युमिनियमला नाही. त्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, “तांबं आन् हा पत्रा वैरी. मधी खारा पानी आला का तांबं त्याला खातं. वरून काय दिसत नाय. खालून भोक.” जहूरने मान डोलावली होती. स्वतःच्या हाताने पितळी स्क्रूंचे डबे उचलून दिले होते.

दोघांचं जमलं. जहूर अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला पत्र्याचा डबा म्हणायचा. युसुफ म्हणायचा, “आन् तुमची फायबरची? नवी नवरी. जरा कुठं घासली का रुसली.” जेवायला दोघं एकत्र. युसुफच्या डब्यात कायम अंडी, आणि जहूर कायम विचारायचा की हजराने तुला दुसरं काही रांधायला शिकवलं नाही का.

आता जी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, ती. जहूरचा बाप नवी होडी पाण्यात घालताना तळफळीखाली एक भोकाचा पैसा सरकवायचा. जुना, तांब्याचा, मधे भोक असलेला. बिस्मिल्ला म्हणायचं, सरकवायचा, आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की बरकत जाते. बाप गेल्यावर तसल्या पैशांची पुरचुंडी जहूरकडे आली. कतारला आल्यापासून त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक बोटीच्या पोटात एक पैसा होता. फायबरच्या बोटीत तो ओल्या रेझिनमध्ये दाबायचा, वर अजून एक हात रेझिन. पैसा काचेत गाडला जायचा, त्याला पाणी कधी शिवायचं नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये रेझिन कुठलं? मग तो फ्लोअर, म्हणजे पाय ठेवायचा वरचा पत्रा, बसवायच्या आधी पैसा नुसता मागच्या कोपऱ्यात, उतारावर ठेवून द्यायचा.

युसुफचं बोलणं तो विसरला होता, असं नाही. त्याला ते पाठ होतं. पण स्क्रू धातूचा असतो, तोटी धातूची असते. पैसा त्याच्या लेखी धातू नव्हताच. ती दुआ होती.

फ्लोअर उघडायचं काम देवव्रतने त्यालाच दिलं. युसुफला हात लावू द्यायचा नाही, असा वरचा हुकूम होता. दुपारी बाकीचे जेवायला गेले आणि जहूरने पट्ट्या सोडवून फ्लोअर उचललं. माशांच्या टाकीतून सांडलेलं खारं पाणी त्या कोपऱ्यात साचत राहिलं होतं. त्यात भिजल्या चुन्यासारखा पांढरा लगदा, आणि लगद्यात हिरवा पडलेला पैसा. जहूरने तो नखाने उचलला. खालून उजेड आला.

मग त्याने लगदा फडक्याने पुसून काढला. फडकं खिशात घातलं, पैसा खिशात घातला. काय करतोय हे हातांना माहीत होतं. डोकं नंतर आलं.

देवव्रतने विचारलं, काही सापडलं का? जहूर म्हणाला, “शिवणीच्या बाजूलाच भोक हाय.” यात खोटं काहीच नव्हतं. देवव्रतने लगेच वर फोन लावला.

जहूर गप्प का राहिला? त्याने स्वतःला पुष्कळ कारणं दिली. त्या महिन्यांत कतारमध्ये कुठल्याही गोष्टीला सिक्युरिटीचा मामला म्हणत. पाहुण्यांच्या बोटीत एक माणूस गुपचूप काहीतरी ठेवतो म्हटल्यावर नुसतं घरचं तिकीट देऊन सोडतील, याची खात्री नव्हती. सुगराचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्याचं वय झालं होतं, युसुफ तरणा होता, त्याला कुठेही काम मिळेल. ही सगळी कारणं खरी होती आणि सगळी मिळून एक भेकड माणूस होत होता, हेही त्याला कळत होतं. तुमच्यावर त्याने मनातल्या मनात जेवढ्या शिव्या झाडल्या, तेवढ्या आयुष्यात कुणावर झाडल्या नसतील. तुम्ही फ्लोअर न उघडता निकाल दिलात. पण त्याने तर उघडून दिला.

युसुफला निरोप द्यायला तो बिरकत अल अवामेरच्या लेबर कॅम्पमध्ये त्याच्या खोलीवर गेला. दोघांच्या खोल्या एकाच गल्लीत होत्या, तरी त्या दिवशी जाताना त्याला ती गल्ली लांब वाटली. युसुफने बॅग बांधली होती. खोलीतल्या नेपाळी पोरांनी चहा केला होता. बस यायला वेळ होता म्हणून दोघं भिंतीच्या सावलीत उभे राहिले.

युसुफ म्हणाला, “मामू, मना एकच सांगा. फ्लोअर उघडलात?”

“अजून नाय,” जहूर म्हणाला.

“उघडलात का नीट बघा. एक फोटो मना पाठवा. मी रागावलो नाय कुणावर. खालनं शिवण धड वाटली, पण आतनं माझी चूक झाली असंल तर मना ती बघायची हाय. आजपर्यंत माझी एक शिवण फुटली नाय, वो. कशी फुटली ते तरी कळू दे.”

जहूर म्हणाला, पाठवतो. बस आली. युसुफ त्याच्या गळ्यात पडला आणि रेझिनचा वास गेला आता तुमचा, असं काहीतरी चेष्टेने बोलला. जहूरला हसू आणावं लागलं.

त्यानंतरचं जहूरने जे केलं, ते चोरासारखं केलं आणि शहाण्यासारखं केलं. बाकीच्या बोटींतही पैसे होते. त्या बोटींत लोक बसणार होते, लहान मुलं बसणार होती. त्याने देवव्रतला सांगितलं की सगळ्या एकदा तपासून घेऊ, उद्या आपल्याच अंगावर यायला नको. देवव्रतला ते फारच पटलं. जहूर रिसॉर्टच्या धक्क्यावर गेला, एकेका बोटीचं फ्लोअर उचललं, एकेक पैसा काढला. कुठे पत्र्याला नुसता पांढरा डाग होता, कुठे खड्डा पडायला लागला होता; तिथे त्याने घासून, ठिगळ मारून घेतलं. काम चोख झालं. एकही बोट गळली नाही.

आणि इथेच घात झाला. बाकी सगळ्या बोटी धडधाकट निघाल्या, म्हणजे धातूत खोट नाही, डिझाइनमध्ये खोट नाही. एकच बोट फुटली, ती रमजानमधली. तुमच्या ऑफिसातून कौतुकाचा निरोप आला: बघा, आम्ही म्हणत होतो ना, त्या वेल्डरचाच हात. युसुफच्या निर्दोषपणाचा जो काही पुरावा या जगात होता, तो जहूरने स्वतःच्या हाताने, फ्लोअर उचलून उचलून, साफ करून टाकला होता. लोकांचे जीव वाचवायला. खरंच, लोकांचे जीव वाचवायलाच. ते त्याने कुणाला सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यालाच काय, सांगणाऱ्यालाही पटलं नसतं.

पाहुणे यायला लागले. कॅम्पच्या गल्लीत पोरांनी वेगवेगळ्या देशांचे झेंडे टांगले. ज्यांच्या देशाची टीमच नव्हती, ती पोरं सगळ्यात जास्त भांडत होती. रिसॉर्टवाल्यांनी जहूरला बोलावून बोटीशेजारी उभं करून फोटो काढला. फोटोत त्याने हात मागे बांधले होते.

शुक्रवारची नमाज झाली आणि खोलीत येऊन तो टेकतो, तोच हजराचा फोन आला. युसुफ गेल्यापासून त्याने दोघांचेही फोन टाळले होते. या वेळी का उचलला, ते त्याला सांगता आलं नसतं.

तिने आधी सुगराची तब्येत विचारली. रीतीने सगळं विचारलं. मग सांगायला लागली. मुंबईच्या यार्डातून युसुफला पुन्हा बोलावणं आलं होतं. जुन्या साहेबाने माणूस घरी पाठवला होता. युसुफ गेला नाही. तो म्हणतो, मी आता वेल्डिंगला हात लावणार नाही. माझी शिवण फुटली आणि मला फुटताना कळलीसुद्धा नाही, तर उद्या एखाद्या जहाजावर माणसं बुडतील. दिवसभर मागच्या पडवीत बसतो. हात पुढे धरून बघत बसतो, थरथरतात का ते. थरथरत नाहीत, मामू, मी बघते ना. पण त्याला थरथरताना दिसतात.

जहूर खाटेच्या कडेवर सरकून बसला. खाली कुणीतरी मोठ्याने टीव्ही लावला होता, माणसं ओरडत होती.

हजरा म्हणाली, “तुमच्या भरोशावर मी पाठवला त्याला. मना तुमच्याकडनं दुसरं काय नको. तुमी फ्लोअर उघडलात, देवव्रतसाहेबांनी सांगितलं मना. तेव्हाच उघडलात, तो जायच्या आधी.”

जहूरने उठून खोलीचं दार ओढून घेतलं.

“त्यो इथंच बसलाय, माझ्या बाजूला. मी फोन स्पीकरवर टाकलाय. त्याला सांगा, मामू. त्याची शिवण फुटली होती का? हो, का नाय?”